छावणीचं मत

मोहनराव चेअरमनांची मला पहिल्या पाच मिनिटांतच किळस आली. नांदूरघाटच्या पलीकडे एका वस्तीवर त्यांच्या सोसायटीची चारा छावणी होती. दुष्काळाचं सलग तिसरं वर्ष, आणि मी बीडहून मतचाचणीचे फॉर्म घेऊन गेलेली. प्रश्न एकच होता. आपल्या देशानं दुसऱ्या देशांना मदत किती द्यावी? जास्त, आहे तेवढी, की कमी?

"एकेकाला काय इचारताय, ताई? समद्यांचं 'कमी' लिवा," मोहनराव तोंडातलं पान सांभाळत म्हणाले. "आपली जनावरं उपाशी अन् भाईरच्या फुकट्यांना कावून पोसायचं?"

भोवतीच्यांनी माना डोलावल्या. घरच्या बोअरला पाणी असूनही खुद्द चेअरमनांचे सहा बैल तिथंच सरकारी ऊस चावत उभे होते. त्यावर ब्र काढायची कुणाची छाती नव्हती.

तुळजाबाई तेवढी पुढं आली. सत्तरी उलटलेली, घरात एकटी, एका म्हशीच्या दुधावर जगणारी.

"माझं 'जास्त' लिव, लेकी. बहात्तरला आमी भाईरच्या देशातनं आलेला लाल मिलो, ती जाडी जवारी खाऊन जगलो. लई वंगाळ लागायचा, घशाखाली उतरायचा न्हाई. पन लेकरं वाचली. तवा त्या लोकांनी न्हाई म्हनलं असतं तर?"

मी खुशीत खूण केली. मोहनराव नुसते हसले.

दुसऱ्या दिवशी उरलेले फॉर्म भरायला गेले, तर सगळ्यांपुढं उसाच्या मोळ्या आणि तुळजाबाईची म्हैस रिकाम्या गव्हाणीत तोंड घालून उभी.

"चेअरमन म्हनले, तुला वाटायची लई हौस हाय ना, मग तुझाच चारा धाडतो परदेशात. लोकं बी हसली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "ते खोड, माय. म्हस आटली तर मी काय खाऊ?"

मी तावातावानं मोहनरावांकडे गेले. तहसीलदारांकडे तक्रार करीन म्हणाले.

"करा की," ते म्हणाले. "साहेब यायला आठ दिस लागतेत. म्हस तवर दम धरंल का, ते तिला इचारा."

मी फॉर्म काढला. त्यांच्या डोळ्यांदेखत 'जास्त' खोडलं, 'कमी'वर खूण केली. पाच मिनिटांत मोळी आली.

तुळजाबाईनं सगळ्यांसमोर वाकून माझे पाय धरले.

"लई उपकार झाले, लेकी."

थू माझ्या जिण्यावर!