सदोष नसलेल्या केबलची तक्रार

वर बघू नका, दिसणार नाही मी. छताच्या आत, पांढऱ्या पाइपात आडवी पडून बोलतेय. मी केबल. लॅपटॉपमधलं चित्र उचलायचं आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला टांगलेल्या प्रोजेक्टरच्या हाती द्यायचं, हा माझा धंदा. लांबी तीस मीटर. दोष शून्य. शेवटचे दोन शब्द नीट ऐकून ठेवा, कारण या संस्थेच्या रजिस्टरात माझ्यापुढे लाल शाईने 'सदोष' असं लिहिलं गेलं होतं, आणि ते आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आमच्यात दोन घराणी. एक तांब्याचं. जाड, काळं, अंगाने आडदांड. पाच-सात मीटर अगदी ऐटीत चालतं, पण पंधरा-वीस मीटरच्या पुढे गेलं की त्याला दम लागतो. चित्रात चांदण्या उडतात, पडदा मधेच काळा होतो. दुसरं घराणं आमचं, काचेचं. माझ्या पोटात केसासारखे बारीक चार काचेचे तंतू आहेत. त्यांतून चित्र उजेड होऊन धावतं. किती वेगाने म्हणाल, तर कारखान्यात माझी चाचणी झाली तेव्हा चित्र या टोकाला घालायच्या आधीच त्या टोकाला हजर होतं. तपासणाऱ्या बाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. खोटं वाटत असेल तर त्यांनाच विचारा.

माझी अट एकच. माझ्या एका टोकाला कान आहे, दुसऱ्या टोकाला तोंड. कान लॅपटॉपकडे हवा, तोंड प्रोजेक्टरकडे. दोन्ही टोकांवर तांदळाच्या दाण्याएवढा बाण कोरलेला आहे, चित्राने कुठून कुठे जायचं ते सांगणारा. तांब्याच्या साध्या केबलला असले नखरे नसतात, कुठूनही घाला. मला आहेत. का असू नयेत? तुम्ही घास कानात घालता का?

मला निवडलं पडदेताईंनी. हे काही त्यांचं खरं नाव नाही. एकोणीस वर्षं त्या हा हॉल सांभाळतायत. पडदा सोडणं, दिवे मंद करणं, वक्त्याच्या माइकची मान वाकडी-सरळ करणं, सगळं त्यांच्याकडे, म्हणून सगळे पडदेताई म्हणतात. आधीची तांब्याची म्हातारी भर सभेत धापा टाकू लागली आणि सन्माननीय पाहुणे पडद्यावर शेवाळासारखे हिरवे दिसू लागले, तेव्हा ताईंनी हट्टाने मला मागवलं.

संस्थेच्या सचिवांनी मला दोन बोटांत धरून बघितलं. "ही? हिच्यावर रुमाल वाळत घातला तरी तुटेल."

"माझी जबाबदारी, साहेब," ताई म्हणाल्या.

मला छतात घालायचं काम आलं ताईंच्या धाकट्या दिराकडे. दीर वायरमन. स्वतःच्या नावावर घेतलेलं हे त्याचं पहिलंच काम, आणि ते नीट पार पडलं तर संस्थेच्या नव्या इमारतीची सगळी वायरिंग त्यालाच मिळायची होती. हात चांगला आहे त्याचा, उगाच नावं ठेवणार नाही. पण घाई केवढी. पाइपातल्या म्हातारीच्या शेपटीला मला बांधायचं आणि स्टेजकडून तिला ओढायचं, म्हणजे ती बाहेर आणि मी आत. युक्ती उत्तम. शिडी प्रोजेक्टरखाली उभी होती. तिच्यावर चढून याने माझ्या वेटोळ्याचं हाताला लागलेलं पहिलं टोक घेतलं, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि दिलं बांधून. ते टोक तोंडाचं होतं. बाण चिकटपट्टीखाली गेला. मी बोंबलत होते. पण मी बोंबलले की त्याचा उजेड होतो, आणि तो चिकटपट्टीतून कोणाला दिसणार?

झालं. माझं तोंड स्टेजवर, कान प्रोजेक्टरजवळ. वळणावळणावर मला पाइपात पट्ट्यांनी असं आवळलं की आता ओढून हलणार नाही, छत बंद झालं, वर रंगाचे दोन हात बसले. म्हातारी तुकडे होऊन भंगारात गेली.

गुरुवारी चाचणी घेतली. सगळं सुरू केलं आणि पडद्यावर निळ्या रंगात अक्षरं आली, 'सिग्नल नाही'.

यानंतर माणसांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. आधी प्रोजेक्टर बंद करून चालू केला. मग लॅपटॉप. मग दुसऱ्याचा लॅपटॉप. मग एकाने माझं टोक काढून त्यात फुंकर मारली. दुसरा म्हणाला, "तशी नाही, जोरात," आणि त्याने थुंकीसकट मारली. तिसऱ्याने मला हलवलं. चौथ्याने हलवता हलवता विचारलं, "आता? आणि आता?" दहा मिनिटांत सतरा माणसांनी मला गदागदा हलवलं, आणि टोकावर काय कोरलंय ते एकानेही वाचलं नाही. मी दोन्ही टोकांनी बाण दाखवत पडले होते, हो. माणसाला वाचता येतं असं मी ऐकून होते.

"केबल बोगस आहे," सचिव म्हणाले, आणि त्यांनी रजिस्टर मागवलं. तिथे तो लाल शब्द पडला. शनिवारी दुपारी संस्थेची वार्षिक सभा होती, नव्या इमारतीचे नकाशे दाखवायचे होते. ते ताईंना म्हणाले, "बाई, तुम्ही हट्टाने घेतलीत. साधी केबल पारखता येत नसेल तर हॉल बाहेरच्या कंपनीला दिलेला बरा. पत्र तयार ठेवतो."

दीर मधे पडला. "साहेब, सभेपुरतं करू ना काहीतरी. मागे प्रोजेक्टरजवळच लॅपटॉप ठेवू, लहान केबल लावू. तुम्ही 'पुढचं' म्हणालात की मी चित्र सरकवीन."

"आणि मी 'पुढचं' म्हणालो की माणूस दोन चित्रं पुढे जातो. मागे घ्यायला सांगितलं की चार मागे. नाही. लॅपटॉप माझ्या हाताखाली, मी पडद्याशेजारी. नकाशावर बोट ठेवून दाखवायचंय मला."

शुक्रवारी सकाळी ताई एकट्याच शिडीवर चढल्या. त्यांनी माझं टोक हातात घेतलं, पदराने पुसलं, चष्मा नाकावर खाली ओढला आणि बराच वेळ बघत राहिल्या. तेव्हा मला वाटलं, सुटले एकदाची.

"भाऊजी, जरा वर या. हा बाण कुठे बघतोय?"

दीर दुसऱ्या बाजूने चढला. "स्टेजकडे."

"आणि चित्र कुठून कुठे यायला हवं?"

दीर एक पायरी खाली सरकला. शिडी कुरकुरली.

"वायर म्हणजे पाइपासारखी असते असं वाटलं मला," तो म्हणाला. "इकडून घाला नाहीतर तिकडून. छत फोडावं लागेल, वहिनी. दोन दिवस तरी जातील. आणि साहेबांना कळलं, की नव्या इमारतीचं काम गेलंच समजा."

"मी नाही सांगणार कोणाला."

इथे मात्र माझं डोकं फिरलं. नाही सांगणार म्हणजे काय? घरातली गोष्ट घरात राहावी म्हणून मी लाल शाईत कुजायचं? आणि ताईंनी एकोणीस वर्षांच्या कामावर पाणी सोडायचं? बरं, दिराला तरी काही वाटावं. तो म्हणाला, "उपकार झाले," आणि खाली उतरून चहा प्यायला गेला. चहा. मला दात असते तर त्या दिवशी कोणाची तरी करंगळी गेली असती.

ताई शिडीवरच बसून राहिल्या. एकदा स्टेजकडे बघितलं, एकदा मागच्या भिंतीकडे. मग स्वतःशीच हसल्या.

शनिवारी सकाळी सातला त्यांनी दिराला हाताशी धरलं आणि प्रोजेक्टर छतावरून उतरवून स्टेजवर टेबलावर ठेवला, माझ्या तोंडापाशी. मागच्या भिंतीवर, दरवाजाच्या शेजारी, जुना कापडी पडदा ताणून बांधला. छताजवळ माझं दोन-अडीच मीटर वेटोळं शिल्लक होतं ते सोडलं, माझा कान खाली आला आणि पडद्याजवळच्या टेबलावर टेकला. मग खुर्च्या. दोनशे चाळीस लोखंडी खुर्च्या दोघांनी मिळून एकेक करून फिरवल्या, तोंडं स्टेजकडून दरवाजाकडे. दिराच्या तळहातांना फोड आले. मला जराही वाईट वाटलं नाही.

दुपारी सचिव आले, उंबऱ्यात थबकले. "हे काय आहे?"

"पडदा तुमच्या शेजारी, लॅपटॉप तुमच्या हाताखाली," ताई म्हणाल्या. "बोट ठेवून दाखवा."

लॅपटॉप लावला, माझ्या कानात नकाशा आला आणि मी तो घेऊन सुटले. तीस मीटर. पापणी लवायच्या आत पडद्यावर नव्या इमारतीच्या खिडक्या मोजता येतील इतकं लख्ख चित्र. एक चांदणी उडाली नाही. पाहुणे माणसाच्या रंगाचे दिसले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या, त्या इमारतीला, हे मला माहीत आहे. माझ्यासाठी कोणी चुटकी तरी वाजवली असती.

शिवाय एक गंमत झाली. दरवाजा आता वक्त्याच्या बाजूला आला होता. उशिरा येणारे सभासद नेहमी मागून गुपचूप सरकत, ते आज दार उघडून थेट चारशे ऐंशी डोळ्यांपुढे उभे राहिले. उपाध्यक्ष तर पडद्यावरच्या जिन्यात शिरल्यासारखे दिसले. सचिव मनातल्या मनात उड्या मारत होते.

सभा संपली. हॉल रिकामा झाला. सचिवांनी खिशातून पाकीट काढलं.

"बाई, आजचं निभावलंत, आभार. पण सदोष वस्तू घेतली ती घेतली. हे पत्र सोमवारी जाणार." मग ते दिराकडे वळले. "ही मांडणी मात्र फक्कड. तुमचं डोकं दिसतंय. नव्या इमारतीचं बोलू आपण."

ताई पडद्याच्या दोऱ्या सोडत होत्या. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. दिराने एकदा त्यांच्या पाठीकडे बघितलं, मग हाताच्या फोडांकडे.

"डोकं वहिनींचं आहे, साहेब," तो म्हणाला. "माझी चूक आहे. केबल मी उलट्या बाजूने ओढली. तिच्यात काही खोट नाही. ती फिरवायची तर छत फोडावं लागलं असतं, म्हणून वहिनींनी हॉल फिरवला."

"हे बाईंना माहीत होतं?"

"कालपासून."

"आणि बोलल्या नाहीत?"

"सांगायला हवं होतं ते मी ना, साहेब."

सचिवांनी पाकिटाच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी त्याचे चार तुकडे केले, रजिस्टर मागवलं, लाल शब्द खोडला, आणि जाता जाता म्हणाले, "खुर्च्या अशाच राहू देत. उपाध्यक्ष पुढच्या वेळी वेळेवर येतील."

नव्या इमारतीचं काम दुसऱ्या कोणाला तरी गेलं. ताईंचा हॉल ताईंकडे राहिला. आणि मी? मी अजून तशीच, उलट्या बाजूने, याच पाइपात. मला सरळ करायला कोणाला सवड नाही, कारण आता सगळ्यांना असंच आवडतं. माझा राग म्हणाल तर पुरता गेलेला नाही. तुमच्याकडेही कुठेतरी, कुठल्या तरी छतात माझी बहीण पडलेली असेल. पडदा निळा झाला की तिला शिव्या देण्याआधी एकदा चष्मा लावा, वाका आणि तिच्या टोकाशी काय कोरलंय ते वाचा. वाकायला काय जातं हो तुमचं?

दिराने त्याच आठवड्यात स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी येऊन छताच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला. जाड पेनाने लिहिलंय, 'केबल चांगली आहे. दिशा मी चुकवली.' खाली सही आणि तारीख. वर चढणारा प्रत्येक वायरमन तो वाचतो आणि खो-खो हसतो. हसू देत. त्या हसणाऱ्यांपैकी एकाचीही सही मी अजून कुठल्या चुकीखाली पाहिलेली नाही.