कुठेच न गेलेली माणसं

माझी सून नगररचना शिकवते. तिने आणि तिच्या विद्यार्थ्यांनी आमच्या भागातल्या लोकांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं होतं. फोन खिशात ठेवायचा आणि नेहमीसारखं हिंडायचं, की आपली रेघ आपोआप त्यांच्या नकाशावर उमटते. नाव कुठे येत नाही, फक्त वय, बाई की पुरुष, आणि चालायला काही अडचण किंवा सोबत बाबागाडी असेल तर तेवढं. मीही हौसेने नाव नोंदवलं होतं. या वयात आपण कुणाच्या संशोधनाला उपयोगी पडतोय, या कल्पनेनेच मला बरं वाटत होतं.

त्या रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर मोठा नकाशा पसरला होता. लोक जिथे जास्त चालतात तिथे गडद लाल, कमी तिथे फिकट. आमच्या घरामागे, कालव्याच्या कडेने जी झाडांची वाट जाते, ती मात्र कोरी होती.

"ही वाट पार्किंगला द्यायचं चाललंय," सून म्हणाली. "उद्या पालिकेच्या समितीपुढे आमचा नकाशा ठेवायचाय. मला वाटलं होतं, थोडी तरी वर्दळ निघेल. पण नाही कुणी जात, तर नाही जात."

मी रोज संध्याकाळी त्याच वाटेने जातो. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वाटलं, आपल्यालाच नकाशा वाचता येत नसेल. शेवटी राहवेना.

"यात मी कुठे आहे?"

"नावं नसतात, आजोबा," शेजारी लॅपटॉप घेऊन बसलेली तिची विद्यार्थिनी म्हणाली. सगळा प्रोग्राम तिनेच लिहिला होता, म्हणून तिला सगळे गणिती म्हणत.

"नाव नको. रेघ दाखव."

"दाखव गं," सून हसून म्हणाली. "नाहीतर चार दिवस हाच प्रश्न विचारतील."

गणितीने माझा फोन मागितला, त्यातला क्रमांक लॅपटॉपवर टाकला आणि भुवया उंचावल्या. "आजोबा, तुम्ही फिरायला जाताना फोन घरी ठेवता?"

"नाही. खिशात असतो."

"मग तुम्ही महिनाभरात एकदाच घराबाहेर पडलाय."

माझा मुलगा सोफ्यावर पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली केला. "आई, ऐकलंस का? बाबा रोज संध्याकाळी जातात म्हणे, पण ते कुठे जातच नाहीत."

"घरात तरी असतात का?" ही स्वयंपाकघरातून म्हणाली. "पुस्तकात असतात."

मी ओशाळलो. अ‍ॅप चालू करताना काहीतरी चुकलं असणार, असं म्हणूनही टाकलं. पण ती एकदाची रेघ मला छळू लागली. महिनाभर चुकलं, तर त्या दिवशीच कसं जमलं?

"ती रेघ कुठे जाते?" मी विचारलं.

"वाचनालयात. तिथे थांबून परत."

"कालव्याच्या वाटेवर मी थांबत नाही," मी चाचरत म्हणालो. "टोकाला जातो आणि वळतो. त्या दिवशी मी कुठेतरी पोचलो होतो. एरवी कुठे पोचतच नाही. याचा काही संबंध असेल का? नसेलही."

गणितीची बोटं थांबली. तिने सुनेकडे पाहिलं.

"मॅडम, आपण एक नियम घातलाय. जिथून निघाली तिथेच, मध्ये न थांबता, रेघ संपली तर ती गाळायची. फोन घरात पडून असला तरी रेघ थरथरते ना, तो कचरा काढायला."

"मीच सांगितला होता," सून हळू म्हणाली. "वर्गात दरवर्षी तेच शिकवते. प्रवास म्हणजे इथून तिथे." मग खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसली. "घरात थरथरणाऱ्या तेवढ्या काढ. बाकीच्या परत आण."

चहा गार झाला. लॅपटॉपवर नकाशा पुन्हा भरू लागला आणि कालव्याकाठी लाल रंग चढत गेला. आम्ही सगळे वाकून बघत होतो, माझा मुलगासुद्धा. गणिती वाचून दाखवत होती: साठीच्या पुढचे बरेच, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली एक बाई, रोज थोडं पुढे जाणारी. चाकाच्या खुर्चीवरचं कुणीतरी. त्या वाटेवर एकही पायरी नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"अहवाल तर देऊन झालाय," मुलगा म्हणाला. "आता उद्या सगळ्यांसमोर उभी राहून माझं चुकलं म्हणणार?"

"मग काय करू? ती वाट घालवू?" सून म्हणाली. त्याने पेपर घडी करून ठेवला आणि पुन्हा चहा टाकायला उठला.

दुसऱ्या दिवशी ती परतली ती थकून. तिने आधी चुकीचा नकाशा दाखवला, मग दुरुस्त केलेला. दोन जण हसले म्हणे. समितीच्या प्रमुखांनी विचारलं, ही माणसं जातात तरी कुठे?

"कुठेच नाही, म्हटलं मी. म्हणून तर आम्हाला दिसली नाहीत."

"मग?" मी विचारलं.

"आधी स्वतः त्या वाटेवरून चालून बघतो म्हणाले. तोवर निर्णय थांबवलाय."

संध्याकाळी मी निघालो. इस्त्रीच्या शर्टातला एक अनोळखी गृहस्थ माझ्यापुढे चालला होता, झाडं न्याहाळत. एका बाबागाडीला त्याने बाजूला होऊन वाट दिली. टोकाला पोचल्यावर त्याने पलीकडचा रस्ता पाहिला, घड्याळ पाहिलं, आणि तो वळून परत आला. घाई दिसत नव्हती.

तुमच्या खिशात फोन आहे का, असं विचारावंसं फार वाटलं. धीर झाला नाही. मी नुसती मान लववली. त्यानेही लववली.