वडनेरची पौर्णिमा

"काका, बस चुकली का तुमची?" हिंगणघाटच्या चहावाल्या नानाजीचा हा विनोद दर पौर्णिमेला ठरलेला.

"चुकली बाप्पा! पानी दे." रूपराव उभ्याउभ्याच पाणी प्यायले आणि पुन्हा धावू लागले.

सावंगीच्या एका दवाखान्यात स्ट्रेचर ओढणारा हा छप्पन्न वर्षांचा माणूस पौर्णिमेला पहाटेच वडनेरकडे धावत निघायचा आणि दिवेलागणीला धावतच परतायचा. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर! लोक म्हणायचे, पोरगा गेल्यापासून म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. म्हणोत बापडे. अश्वजित पोलीस भरतीची तयारी करत होता. याच रस्त्यावर धावताना त्याला ट्रकनं उडवलं. वर्षभरानं रूपराव पहिल्यांदा इतके धावले, आणि साठ किलोमीटरनंतर, पाय पार मेल्यावर, पोरगा शेजारी धावू लागला. "बाबा, लहान पावलं टाका नं," म्हणाला. हे त्यांनी घरी येऊन बायकोला, शोभाबाईला सांगितलं. तिथंच चुकलं. तेव्हापासून ती बाई महिनाभर त्या एका निरोपावर जगायची.

आज सत्तर झाले, ऐंशी झाले.

"अश्वजित, कुठी हायेस बे?"

पोरगा आला नाही. मग हाकही आपोआप थांबली. पाय कुणाचे, श्वास कुणाचा, काही कळेना. छातीवरचा तीन वर्षांचा धोंडा कधी उतरला कुणास ठाऊक! रस्त्याकडेला कपाशी फुटली होती, आणि ती नुसती कपाशी होती. रूपराव धावता धावता मोठ्यानं रडले, आणि तेही सुखानं.

मग घराचं वळण दिसलं आणि निरोपाची वाट पाहणारी शोभाबाई आठवली. हे सुख आता सांगायचं कुणाला?

शोभाबाई दारातच होती. "आलता का जी तो?"

तीस वर्षं दर पौर्णिमेला रूपरावांनी बुद्धाच्या तसबिरीसमोर खोटं न बोलण्याचं शील घेतलं होतं. आजही निघण्याआधी घेतलं होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नसणार.

"आलता," ते म्हणाले.

"काय म्हने?"

"म्हने, आईले सांगा, माह्यासाठी उपाशी नको राहू. जेवून घेत जाय."

शोभाबाई हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "पाहा, माह्यावरच ध्यान त्याचं!" म्हणत तिनं भाकर मोडली.

रूपराव समोर बसले. तिची भाकर संपली तशी त्यांनी आपल्यातली अर्धी तिच्या ताटात ठेवली.