चमकणारं औषध

घरात त्याला सगळे वैद्यबुवा म्हणत, ते चेष्टेनं. एरवी कुणाचं साधं डोकं दुखलं तरी त्याला कुणी विचारत नसे. काम मात्र औषधं शोधण्याचंच होतं. प्रयोगशाळेतलं यंत्र प्लास्टिकच्या ताटलीतल्या शेकडो बारीक खळग्यांमधल्या पेशींचे फोटो आपोआप काढी. प्रत्येक खळग्यात वेगळं औषध. पेशी धडधाकट झाली की तिच्यातला रंग हिरवा चमके आणि यंत्र तिला गुण देई. पेशी त्याच्या भाचीच्याच कातडीपासून वाढवलेल्या होत्या. पोरीचे स्नायू दुबळे होत चालले होते, पाठीचा कणा वाकत होता.

एका खळग्याला यंत्रानं पैकीच्या पैकी गुण दिले. वैद्यबुवांना आकाश ठेंगणं झालं. तेच औषध पेशी नसलेल्या रिकाम्या खळग्यातही घालून बघायचं, हा तिथला शिरस्ता. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. त्यानं आधी ताईला, भाचीच्या आईला, फोन करून औषध सापडल्याचं सांगितलं. भाचीच्या पाठीचं ऑपरेशन ठरलेलं होतं, ते ताईनं रद्द केलं. हे कळल्यावर तो तिला 'असं करू नकोस' म्हणाला नाही. उलट मनातून सुखावला.

काही महिन्यांनी सहकारी बाईंनी ती राहिलेली तपासणी केली. रिकामा खळगा हिरवागार चमकला. औषधच मुळात हिरवं चमकत होतं. पेशी होत्या तशाच आजारी. बाईंनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

तो तडक ताईकडे गेला आणि मान खाली घालून त्यानं सगळं सांगितलं. ताई बराच वेळ टेबलाची एकच कड पुसत राहिली. मग डॉक्टरांना फोन लाव म्हणाली.

त्यानं फोन लावून स्पीकरवर ठेवला. डॉक्टर चिडलेलेच होते. कणा आता आणखी वाकला असणार, ऑपरेशन पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही, असं त्यांनी सुनावलं. "रद्द करायला सांगितलं कुणी तुम्हाला?"

भाची पलंगावरून मामाकडेच बघत होती. त्यानं नजर फोनकडे वळवली.

"कुणी नाही, डॉक्टर," ताई म्हणाली. "मीच घाबरले."

तेव्हा तरी त्याला बोलता आलं असतं. त्यानं फक्त नवी तारीख विचारली.