मुलगी जरा अपसेट आहे

होस्टेलच्या वॉर्डनबाईंचा फोन आला तेव्हा फोरमन भट्टीजवळ उभे होते. शेजारी प्रेस धडधडत होता, बाईंचं अर्धं बोलणं त्यातच गेलं. कानावर पडलं ते एवढंच, "तुमची मुलगी जरा अपसेट आहे. जमलं तर येऊन जा."

"अपसेट म्हणजे?"

"म्हणजे... अपसेटच हो. तुम्ही या, मग बोलू."

फोन बंद झाला. परत लावला तर बाई उचलेनात. लेकीचा तर लागेचना.

शब्द फोरमनच्या रोजच्या कामातला होता. सळईचं टोक लालभडक तापवायचं आणि दाबून दाबून त्याचं बोल्टचं डोकं करायचं, याला कारखान्यात अपसेट करणं म्हणत. त्यात त्यांची हयात गेली होती. पण तोच शब्द लेकीला चिकटलेला ऐकला आणि त्यांनी हातमोजे काढून ठेवले.

रजा मागायला गेले तर मॅनेजर म्हणाले, "अहो, हल्लीची मुलं उठसूट अपसेट होतात. आमचे चिरंजीव इंटरनेट बंद पडलं तरी होतात. जा तुम्ही, पण जिवाला घोर लावून घेऊ नका."

घरी त्यांच्या थोरल्या बहिणीनं ऐकल्याबरोबर निकाल दिला. "पोट असणार. मेसचं खाऊन खाऊन दुसरं काय होणार?" आणि औषधाच्या दुकानातून साखर-मिठाच्या पुड्या आणून पिशवीत कोंबल्या. बायको गेल्यापासून, म्हणजे मुलगी आठ वर्षांची असल्यापासून, या घरातल्या सगळ्या दुखण्यांवर बहिणीचंच राज्य होतं. फोरमननी मुकाट्यानं पिशवी घेतली. पोटच असू दे, ते मनात म्हणत होते. पोटाला औषध असतं.

बसमध्ये शेजारचा माणूस कानात वायर खुपसून सामना ऐकत होता. एकदम मांडीवर थाप मारून म्हणाला, "मोठा अपसेट झाला."

फोरमन दचकले. "कोण?"

"कोण काय? तळाच्या टीमनं पहिल्या नंबरला लोळवलं."

"म्हणजे चांगलं झालं की वाईट?"

"तुम्ही कुणाच्या बाजूचे, त्यावर आहे ते," असं म्हणून तो पुन्हा सामन्यात बुडाला.

फोरमन खिडकीबाहेर बघत राहिले, पण दिसत काहीच नव्हतं. नर्सिंगचं शेवटचं वर्ष. नापास झाली असेल? कुणा मुलानं फसवलं असेल? की हातून चुकीचं इंजेक्शन गेलं? एक विचार ढकलून द्यावा तर दुसरा तयारच. फोन खिशातून काढायचा, बघायचा, परत ठेवायचा, हाच चाळा चालला होता.

वॉर्डनबाई फाटकापाशीच भेटल्या. "रागावू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "फोनवर काय सांगावं सुचेना. कालपासून ती जेवली नाही, कुणाशी बोलत नाही. घरून कुणाला बोलावू विचारलं, तर म्हणाली, कुणालाही बोलवा, पण बाबांना नको. माझ्याकडे नंबर मात्र तुमचाच होता."

फोरमन फाटकातच थांबले. "का? मी काय केलंय?"

"ते तीच सांगेल."

खोलीत मुलगी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. अंगावर कालचाच गणवेश. बापाला बघून तिनं तोंड फिरवलं.

"ठकी," फोरमन म्हणाले. लहानपणचं नाव, आता फक्त तेच या नावानं हाक मारत. "पोट बिघडलंय का, बाळा?"

तिनं मान हलवली. फोरमन स्टुलावर बसले. मग तीच बोलली.

"वॉर्डात एक आजोबा होते. काल मला म्हणाले, पोरी, उशी सरळ कर. मी म्हटलं, दोन मिनिटांत येते. समोरच्या बेडवरच्या बाईला रक्तस्राव सुरू झाला होता, तिकडे धावले. परत आले तर..." ती थांबली. "आजोबा गेले होते, बाबा."

"मग त्यात तुझा काय दोष?"

"तुम्ही हे विचारताय?" आता ती सरळ बापाकडे बघत होती. "आईच्या वेळी काय झालं होतं? नर्स म्हणाली, दोन मिनिटांत येते, आणि आलीच नाही. घरी कुणीही आलं की तुम्ही सांगता. त्या बाईच्या काळजाचा दगड झाला होता, असं म्हणता. मी लहानपणापासून ऐकतेय. म्हणून तर नर्सिंगला आले. म्हटलं, आपण तसं नाही करायचं."

त्या नर्सचा चेहरासुद्धा फोरमनना आठवत नव्हता. एवढी वर्षं बोल लावताना ती त्या वेळी कुठे धावली असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

"मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "ती कुठे गेली होती ते मी कधी विचारलंच नाही."

ठकी रडायला लागली. फोरमननी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसले.

थोड्या वेळानं ती डोळे पुसत म्हणाली, "आजोबांचा मुलगा आलाय. त्यांच्या वस्तू न्यायला. मला भेटायचं म्हणतोय. माझी हिंमत होत नाही."

"मी येतो बरोबर."

हॉस्पिटलच्या बाकावर चाळिशीचा एक माणूस मांडीवर आजोबांची घोंगडी घेऊन बसला होता. ठकी त्याच्यासमोर उभी राहिली आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. तिनं काही लपवलं नाही.

"घाबरले होते का?" त्यानं विचारलं.

"नाही. शांत होते. उशीच तेवढी टोचत होती."

त्यानं मान डोलावली. क्षमा केली नाही, दूषणही दिलं नाही. घोंगडी काखेत मारून निघाला. फोरमननी त्याला जिन्यापाशी गाठलं.

"मी तिचा बाप. कधीकाळी मीही तुमच्यासारखाच असा बाहेर पडलो होतो. बायकोच्या वस्तू घेऊन."

माणूस थांबला. "मग सांगा, राग जातो का?"

खोटं बोलणं सोपं होतं. "माझा नाही गेला," फोरमन म्हणाले. "आजपर्यंत. आता कुणावर धरायचा तेच कळेना."

माणसानं मागे वळून बाकापाशी उभ्या असलेल्या ठकीकडे पाहिलं. "तिला जेवायला घाला," एवढं म्हणाला आणि जिना उतरून गेला.

ठकी त्या संध्याकाळी थोडं जेवली. शिक्षण सोडायचं की नाही, ते तिनं सांगितलं नाही, फोरमननीही विचारलं नाही. सकाळी ती धुतलेला गणवेश घालून कामावर निघाली, फोरमनही बरोबर गेले. वॉर्डाच्या दारापर्यंतच नातेवाइकांना सोडत होते. फोरमन काचेतून बघत राहिले. दोन पलंगांवरून एकदमच तिला हाका आल्या. ती मधोमध थबकली, एकीकडे वळून काहीतरी बोलली, आणि दुसरीकडे गेली.