देवयानीसाठी घडवलेला आरसा

मी एका घरगुती दुर्बिणीचा जुना आरसा आहे. मित्रांनो, माझ्यात तोंड पाहायला येऊ नका. आता माझ्यात धड काहीच दिसत नाही.

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणाऱ्या एका धाकट्या भावाने मला जाड काचेतून घडवलं. दोन हिवाळे तो मला घासत होता. हातांची सालं निघाली, पण पठ्ठ्या हटला नाही. मग माझ्यावर चकचकीत मुलामा चढला आणि गच्चीवरच्या दुर्बिणीच्या नळीत मी तळाशी जाऊन बसलो. आम्हा दोघांना वेड एकीचंच, देवयानी नावाच्या सर्पिल दीर्घिकेचं. पंचवीस लाख वर्षं चालत आलेला तिचा उजेड एका फोटोत जेमतेम पुसट ठिपका उमटवतो. म्हणून तो कित्येक रात्रींचे फोटो एकावर एक रचायचा. हळूहळू तिचे वळणदार हात दिसू लागले. आता अमावास्येची एक रात्र मिळाली की प्रदर्शनासाठी चित्र पुरं होणार होतं.

अपुरा फोटो पाहूनच शेजारीपाजारी त्याची वाहवा करू लागले. त्या घरात आजवर कौतुक व्हायचं ते फक्त दादाचं. त्याच्या पोटात दुखू लागलं.

"आरशावर धूळ साचलीय की रे. पुसत का नाहीस?" दादाने गोड आवाजात विचारलं.

"नको दादा, हात लावू नकोस! याचा मुलामा काचेच्या वरच्या अंगाला असतो. धुळीने काही बिघडत नाही, पण फडकं फिरलं की संपला."

भोळा माझा मालक! त्याने चोराच्याच हाती किल्ल्या दिल्या.

अमावास्येच्या दुपारी दादा भांडी घासायची पावडर घेऊन वर आला. त्याने मला नळीतून काढलं आणि शीळ घालत, सावकाश घासलं. माझा मुलामा त्याच्या फडक्याला काळा काळा लागत होता. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

संध्याकाळी धाकटा वर आला आणि त्याने मला उचलून उजेडात धरलं. "दादा, तुला सांगितलं होतं ना मी!"

"घ्या! आई, बघ गं. याची घाण मी साफ केली आणि हा माझ्यावरच डाफरतोय."

आई कडाडली, "एवढा मोठा भाऊ तुझ्यासाठी राबला, त्याचं हे फळ? माफी माग त्याची!"

धाकट्याने माफी मागितली. दादाने हसत त्याच्या पाठीवर थाप मारली.

त्या रात्री आभाळ अगदी स्वच्छ होतं. देवयानीचा उजेड गच्चीवर आला, तेव्हा तिथे कोणीच नव्हतं.

मित्रांनो, वस्तू जपा, हे तर मी सांगेनच. पण आपली नाजूक बाजू कोणाला दाखवता, तेही जपा. काचेवर मुलामा पुन्हा चढवता येतो. माझ्या मालकाने मात्र मला परत हातात घेतलं नाही. आभाळ मोकळं असलं की तो खिडकी लावून झोपतो.