गुणाजीचं बाळसं

आपल्याकडे माणूस सुजला तरी त्याची तब्येत सुधारली असं म्हणायची पद्धत आहे. वाचकहो, उगाच नाकारू नका. तुम्हीही कधी ना कधी कुणाला तरी तसं म्हटलं असेल. लालबागच्या एका चाळीतल्या गुणाजीला तर सगळी चाळ तसं म्हणाली आणि त्यापायी बिचारा जवळजवळ वर जाऊन आला.

गुणाजी गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, कामाला होता. अंगकाठी अशी की त्याचा सदरा खुंटीवर आहे की अंगावर, ते लांबून कळत नसे. त्याची बायको गंगुबाई मालवणकडची, हाताने सढळ आणि तोंडानेही सढळ. नवऱ्याच्या अंगाला अन्न लागत नाही हे तिचं लग्नापासूनचं दुःख. "लोकांना वाटतं, घरात मी एकटीच जेवते," असं ती म्हणायची आणि तिच्याकडे बघून लोकांना ते पटायचं.

त्या वर्षी शिमग्यानंतर गुणाजीची भूक मेली. गंगुबाईने लगेच त्याला आजाऱ्याच्या जेवणावर ठेवलं. दोन्ही वेळेला उकड्या तांदळाची पेज, सोबत आंब्याचं लोणचं, भाजलेला पापड आणि तोंडाला चव यावी म्हणून खारवलेल्या बांगड्याचा तुकडा. डाळ, दूध, अंडी सगळं बंद, कारण आजाऱ्याला ते जड पडतं. हे शास्त्र तिला आईने सांगितलं होतं, आईला आजीने. तिघींपैकी एकीनेही ते कधी कुणाला विचारून बघितलं नव्हतं.

आणि काय आश्चर्य! गुणाजी भरू लागला. गाल वर आले, डोळे बारीक झाले, पोट पुढे आलं. चपला पायात जाईनात तेव्हा गंगुबाईने सबंध मजल्याला त्या चपला दाखवून आणल्या.

"मालन, बघ गे! ह्यांचे पाय बघ कसे भरले!"

शेजारची मालन लोणच्याची बरणी घेऊनच आली. तिच्या लोणच्याला चाळीत मान होता. "माझ्या लोणच्याचा गुण, वयनी," ती म्हणाली. "आता थांबवू नका."

गंगुबाई रोज तिन्हीसांजेला नवऱ्यासमोर बसून मीठ-मोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढू लागली. एवढा सुंदर नवरा तिला आजवर मिळालाच नव्हता.

खुद्द गुणाजीला मात्र बरं वाटत नव्हतं. भर वैशाखात त्याला थंडी वाजायची. सगळी चाळ घाम पुसत गॅलरीत झोपायची आणि हा घोंगडी पांघरून आत. साच्यापाशी उभ्या उभ्या त्याला डुलकी लागायची. खात्यावरच्या जॉबरने, म्हणजे मुकादमाने, दोनदा झापलं. पण ही गोष्ट त्याने घरी काढली तर गंगुबाई म्हणायची, "सुख अंगी लागलं की माणसाला झोप येतेच."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. आदल्या वर्षीच्या गोळीबाराची जखम अजून ओली होती आणि गिरणगावात घराघरांतून घोषणा निघत होत्या. गुणाजीचा जिवाभावाचा दोस्त लवू हा चाळीचा कार्यकर्ता. गुणाजीला मोर्च्यात पुढे चालायची फार हौस होती, पण लवू त्याला नेहमी मागे ढकलायचा. "तुला पुढे ठेवला तर सरकारला वाटेल, आपण उपोषणातून उठून आलोय." आता तोच लवू घरी येऊन म्हणाला, "गुणाजी, उद्या झेंडा तुझ्याकडे. काय रुबाब आलाय रे तुला! अगदी पुढारी दिसतोस."

गुणाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगातलं तेवढंच काय ते पाणी बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी मोर्चा निघाला. गुणाजी झेंडा घेऊन पुढे, मागे सगळी चाळ. परळच्या नाक्यापर्यंत तो कसाबसा आला आणि तिथे त्याच्या पायांनी राजीनामा दिला. रस्त्याच्या मधोमध त्याने बसकण मारली.

मागच्यांना काय कळणार? पुढारी बसला म्हणताना रांग बसली. रांग बसली म्हणताना सगळा मोर्चा बसला. "बैठा सत्याग्रह!" लवू आनंदाने ओरडला. त्याला हे कुणी आधी कळवलं नव्हतं याचा थोडा रागही आला होता.

ट्रामा थांबल्या. फौजदार धावत आला. आधीच दिवस नाजूक, त्याला काठी उगारायची नव्हती. तो वाकून म्हणाला, "उठा हो पुढारी, ऐका माझं."

"उठवत नाही," गुणाजी खरं तेच म्हणाला.

"नाही उठणार!" लवूने लोकांना पुढे सांगितलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

शेवटी चार शिपायांनी त्याला उचलून गाडीत घातलं. त्याची धाप आणि सुजलेले पाय बघून फौजदाराने शहाणपणा केला आणि गाडी ठाण्यावर न नेता थेट इस्पितळाकडे वळवली. इकडे चाळीत बातमी पोचली की गुणाजीने परळचा नाका बंद पाडला. गंगुबाईने साखर वाटली.

इस्पितळात त्या वॉर्डवर सुनेत्रा नावाची नर्स होती. नायगावच्या चाळीत वाढलेली, बोलायला तिखट आणि कामाला चोख. तिने गुणाजीच्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. मऊ पिठात पडावा तसा खळगा पडला आणि तसाच राहिला. मोठे डॉक्टर आले, लघवी तपासली, रक्त तपासलं, आणि निदान झालं. मूत्रपिंडं बिघडली होती.

हुकूम निघाला: मीठ पूर्ण बंद. रोज अंडी, दूध, डाळ, ताजी मासळी, सगळं अळणी. शिवाय गळ्यातल्या ग्रंथीसाठी एक बारीकशी गोळी.

औषध लागू पडलं. अंगातलं पाणी उतरू लागलं आणि पाण्याबरोबर पुढारीही उतरला. गाल बसले. गळ्याची हाडं वर आली. खालून निघाला तो जुना गुणाजी, आणि खरं सांगायचं तर जुन्याहून अर्धा.

भेटीच्या वेळी गंगुबाईने त्याला बघितलं आणि टाहो फोडला. "अगो बाय माझे! भरलेला माणूस दिला होता गे तुमच्याकडे! काय खायला घालता ह्यांना?"

"अंडी, दूध. मीठ नाही," सुनेत्रा म्हणाली.

"मीठ नाही? अगं, गुरांना पण मीठ लागतं!"

"मावशी, ह्यांचा आजार..."

पण मावशी ऐकायला थांबल्याच नाहीत. त्या संध्याकाळी चाळीत सभा भरली. सत्याग्रहीला सरकारी इस्पितळात उपाशी मारतात, यावर एकमत झालं. मोर्चा काढायचं ठरलं. आणि मोर्चा निघेपर्यंत माणूस जगला पाहिजे, म्हणून जेवण चोरून पोचवायचंही ठरलं. मालनने पेजेच्या तांब्याच्या तळाशी लोणचं लपवलं. लवूने खारवलेले बांगडे भाजून, कागदात गुंडाळून, सदऱ्याच्या आत पोटाशी बांधले. इस्पितळाच्या दारातून तो आत शिरला तेव्हा त्याच्यामागून आवारातली सगळी मांजरं शिरली. वॉर्डबॉय मांजरं हाकलण्यात गुंतला तेवढ्यात काम झालं.

गुणाजी अळणी अंड्यांना विटला होताच. "लवू, तू देव आहेस रे," म्हणत त्याने बांगड्याचा काटासुद्धा शिल्लक ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी मोर्चा इस्पितळाच्या फाटकावर धडकला. "झालाच पाहिजे, झालाच पाहिजे, संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" ही सवयीची घोषणा आधी झाली. मग लवूने नवी दिली, "मिळालंच पाहिजे, मिळालंच पाहिजे, गुणाजीला मीठ मिळालंच पाहिजे!"

सुनेत्रा आतून तीरासारखी आली. तिचा चेहरा बघून घोषणा आपोआप खाली आल्या.

"काल ह्यांना बाहेरचं कोणी खायला दिलं?"

लवूच्या पायाशी अजून एक मांजर घुटमळत होतं. सुनेत्राने त्या मांजराकडे बघितलं, लवूकडे बघितलं, आणि गंगुबाईचा हात धरून तिला आत नेलं.

गुणाजी उशांना टेकून बसला होता. तोंड पुन्हा गोल झालं होतं, डोळे बारीक. गंगुबाईचा चेहरा उजळला. "बघ! एका रात्रीत बघ कसा सुधारला! मीठ पोटात गेलं म्हणून!"

आणि मग तिला त्याचा श्वास ऐकू आला. छातीतून घरघर येत होती. तो बोलायला गेला, पण शब्दापुरतीही हवा मिळेना. नुसताच तिच्याकडे बघत राहिला.

"अहो!" गंगुबाई किंचाळली. "अहो, काय होतंय तुम्हाला?"

सुनेत्राने तिचा अंगठा धरला आणि गुणाजीच्या नडगीवर दाबला. "आता काढा."

खळगा पडला. गंगुबाई वाट बघत राहिली, पण तो भरेना.

"हे मांस नाही मावशी, पाणी आहे. मीठ खाल्लं की अंगात पाणी साठतं. आज ते छातीत शिरलंय. आता दंडाला हात लावा."

गंगुबाईने दंड चाचपला. बाहीखाली नुसतं हाड होतं.

"मूत्रपिंड म्हणजे अंगातली चाळणी," सुनेत्रा म्हणाली. "ह्यांची चाळणी फाटलीय. ज्याने मांस धरतं ते अन्नातलं सत्त्व लघवीवाटे चाललंय. म्हणून अंडी, दूध, डाळ. गळ्यात एक ग्रंथी असते, अंगाची शेगडी ती पेटती ठेवते. तिचा रसही त्याच भोकातून वाहून जातो. म्हणून उन्हाळ्यात थंडी, म्हणून उभ्या उभ्या झोप. ह्यांनीच सांगितलं मला, तुम्ही म्हणालात, सुख अंगी लागलं! मावशी, तुमचा नवरा पाण्याखाली सुकत चालला होता आणि तुम्ही वरून पेज ओतत होता!"

"पण बाय, मी मायेनंच..."

"माया आहेच हो! तिच्यावर शंका कोण घेतंय? पण मायेला डोळे नकोत? औषध डॉक्टरने सांगायचं आणि पथ्य सगळ्या चाळीने, ही कुठली रीत?"

गंगुबाई मटकन खाली बसली. लग्नापासून ज्या बाळशासाठी तिने देव पाण्यात घातले, ते हे! आणि ज्याची रोज दृष्ट काढली, ती सूज! तिने नवऱ्याचे सुजलेले पाय दोन्ही हातांत धरले आणि रडत म्हणाली, "मीच मारत होते हो तुम्हाला. माझ्या हातानं!"

मग ती उठली, डोळे पुसले आणि फाटकावर गेली. लोक वाट बघत होते.

"काय म्हणतात?" लवूने विचारलं. "मीठ देतात का?"

"मिठाचं नाव काढलंस तर तुझाच बांगडा करीन, मेल्या!" गंगुबाई गरजली. "घरी जा सगळे!"

महाराष्ट्रात एवढ्या थोडक्यात मागे घेतलेला मोर्चा दुसरा नसेल.

डॉक्टरांनी पुन्हा पाणी उतरवलं, या वेळी जरा जास्त दिवस लागले. भेटीच्या वेळेला गंगुबाई वॉर्डाच्या दारात बसायची आणि येणाऱ्या प्रत्येकाचा डबा उघडून हुंगायची. पोलिसांनी मोर्चेवाल्यांची घेतली नसेल एवढी कडक झडती ती घेई. मालन लोणच्याशिवाय यायला शिकली. लवू आला की ती आधी त्याला सदरा वर करायला लावत असे.

गुणाजी घरी आला त्या दिवशी मजल्याने जेवण घातलं. पहिलं पान सुनेत्राचं मांडलं होतं. तिने एकच अट घातली होती: सगळ्यांनी गुणाजीचंच जेवण जेवायचं. अळणी डाळ, अळणी पापलेट, लिंबू पिळलेली अळणी कोशिंबीर. पहिल्या घासाला सगळ्यांची तोंडं अशी झाली की गुणाजी कित्येक महिन्यांनी मोठ्याने हसला. त्याच्या हसण्यात श्वास पुरत होता.

"गुणाजी," लवू घास कसाबसा गिळत म्हणाला, "किती रोडावलास रे!"

"तोंड सांभाळ!" गंगुबाई म्हणाली. "रोडावले म्हणतोस? बेटकुळी उठतेय दंडात, हात लावून बघ! आणि दृष्ट लावू नकोस."

वाचकहो, आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा रिकाम्या हाताने जायला लाजू नका. तब्येत डोळ्यांनी मोजू नका आणि पथ्य जिभेने ठरवू नका. ज्याला आजार कळतो त्यालाच जेवणही विचारा. माया हवीच, पण ती डॉक्टरला विचारून ताटात वाढावी.

जेवणं आटोपली तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. गंगुबाईने नवऱ्याला पाटावर बसवलं. वरच्या फळीवरच्या डब्यातून मीठ-मोहऱ्या मुठीत घेतल्या, त्याच्यावरून ओवाळल्या आणि शेगडीत टाकल्या. निखारे तडतडले. त्या घरात मीठ आता तेवढ्याचसाठी उरलं होतं.